नलूताईंचं दुसरं कपाट

नवरात्राच्या आधी आठ दिवस मोबाइलवर नऊ रंगांची यादी फिरायला लागते आणि माझं डोकं फिरायलाही तेवढंच निमित्त पुरतं. यादी बघते, कपाट उघडते, राखाडी नाही म्हणून चडफडते आणि मग नलूताई आठवतात. त्या इथे असत्या तर राखाडी मागायला कुठे जायचं हा प्रश्नच नव्हता. यंदाही यादी आली. मी कपाटातले सगळे कपडे पलंगावर काढले आणि त्या ढिगाकडे बघत बसले. एवढं सगळं असताना आणखी काय हवंय ते कळेना, उलट जीव घाबरा झाला. तो ढीग अजून तसाच आहे आणि पलंगाच्या उरलेल्या कोपऱ्यावर बसून मी हे लिहिते आहे.

नलूताई म्हणजे नलिनी पेडणेकर. नेरूळच्या ज्या कॉलेजात मी नोकरी करते तिथल्या ऑफिसच्या हेडक्लार्क. पहिल्या दिवशी मी रुजू व्हायचं पत्र घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले, तर पत्राच्या आधी त्यांनी माझा पदर हातात घेतला, चिमटीत धरून चोळला आणि म्हणाल्या, "मिक्स आहे. कॉटन म्हणून दिली ना दुकानदाराने?"

मी हो म्हटलं.

"फसवलं तुला. बस."

झालं स्वागत. नंतर कळलं की प्राचार्यांच्या पत्नीपासून झाडू मारणाऱ्या सखूबाईंपर्यंत प्रत्येकीला त्या आधी चिमटीत धरतात आणि मग गुड मॉर्निंग म्हणतात. कोणी रागावत नसे. रागवायला वेळच मिळत नसे, कारण तोवर त्या पुढच्या टेबलापाशी पोचलेल्या असत.

दुसऱ्याला "बस" म्हणणारी ही बाई स्वतः बसलेली मी फार कमी वेळा पाहिली. चहा उभ्याने. जेवण अर्धं खुर्चीवर, अर्धं खिडकीपाशी. शिपाई समोर असताना फाइल आणायला स्वतः उठणार. फोनवर बोलताना टेबलाभोवती अशा फिरत की वायर खुर्चीला गुंडाळली जाई आणि फोन संपला की आम्ही दोघी ती सोडवत बसायचो. बोलणंही त्याच चालीचं. "शुभा, बी.कॉम.चे फॉर्म आले का, सरांची सही झाली का, आणि ही कुर्ती कुठून घेतलीस गं? नको, सांगू नकोस, मला टेन्शन येतं."

घर कामोठ्याला. पण ऑफिस सुटलं की त्या बरोबर उलट्या दिशेने, वाशीला जायच्या. "नुसतं बघून येते." नुसतं बघून त्या कधी आल्या असतील असं मला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी टेबलाखाली कागदी पिशवी असायचीच. आता ही कशाला, असं विचारलं की ठरलेलं उत्तर, "असू दे, लागेल." हे वाक्य पुढे सगळ्या ऑफिसने उचललं. कोऱ्या फॉर्मचे गठ्ठे, गंजलेल्या टाचण्या, कोणाचंही नसलेलं टिफिनचं झाकण, काही टाकायला निघालं की कोणीतरी म्हणायचं, असू दे, लागेल. त्यावर सगळ्यात मोठ्याने नलूताईच हसायच्या.

साड्यांना त्यांनी नावं ठेवलेली होती. संपाच्या दिवशी बस मिळाली नाही म्हणून चालत चालत दुकानात शिरून घेतलेली ती संपाची. मुलगा बारावीला पास झाला ती निकालाची. कॉलेजात तपासणी कमिटी आली ती कमिटीची. एकदा मी विचारलं, "नुसती साडी आवडली म्हणून घेतलेली एखादी आहे का?" त्या थबकल्या, डोळे बारीक करून आठवायला लागल्या आणि तेवढ्यात कोणीतरी हाक मारली म्हणून सुटल्या.

माझ्या लिहिण्यावरून त्या कपड्यांना हपापलेल्या वाटतील. तसं नव्हतं. ऑफिसातल्या लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, जुन्या उत्तरपत्रिकांशेजारी, त्यांच्या चार साड्या कायम ठेवलेल्या असत. सोबत परकर, सेफ्टी पिना आणि हवे तसे उसवून घालता येतील असे ब्लाउज. एखाद्या प्राध्यापिकेवर चहा सांडला, एखाद्या हंगामी मुलीला अचानक मुलाखतीचं बोलावणं आलं, की तो कप्पा उघडायचा. परत कधी देणार, असं त्यांनी कोणाला विचारलेलं मी ऐकलं नाही.

यामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही जिन्यात, चढता चढता. कुडाळजवळच्या त्यांच्या गावी, लहानपणी, घरात एकच चांगली साडी होती, आईची. वाडीतल्या तिघी-चौघी ती लग्नकार्याला मागून न्यायच्या आणि आई द्यायची. शाळेच्या निरोप समारंभाला नलूला ती नेसायची होती. त्या दिवशी साडी दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर, सावंतवाडीला लग्नात होती. "मी परकर-पोलक्यावर गेले. आईवर नाही रागावले. पण ठरवलं, माझ्याकडे मागायला येणारीलाही मिळेल आणि मलाही उरेल, एवढं मी करेन." एवढं बोलून वरच्या मजल्यावर पोचल्या आणि लेजर मागितलं.

नवरात्र हा त्यांचा खरा हंगाम. रोज ठरलेल्या रंगाच्या साड्या नेसून दुपारी कॉलेजच्या पायऱ्यांवर बायकांचा फोटो व्हायचा. एका वर्षी जांभळ्याच्या दिवशी चौदा बायकांपैकी नऊजणींच्या अंगावर नलूताईंच्या साड्या होत्या. सखूबाईंना त्यांनी स्वतः निऱ्या करून दिल्या आणि पहिल्या रांगेत मधोमध उभं केलं. त्या स्वतः मात्र फोटोला उशिरा आल्या, कारण आदल्या संध्याकाळी वाशीला जाऊन जांभळीच आणली होती आणि तिचं फॉल-बीडिंग सकाळपर्यंत झालं नव्हतं. मी म्हटलं, "अहो, नऊ जांभळ्या वाटून झाल्या, दहावी घरात नव्हती?"

"होती. पण ती वांगी रंगाची आहे गं. जांभळी नाही."

कामोठ्याचं त्यांचं घर मी पहिल्यांदा हळदीकुंकवाला पाहिलं. एक हॉल, एक आतली खोली, स्वयंपाकघर. आतल्या खोलीत दोन लोखंडी कपाटं समोरासमोर. पलंगाखालचा बॉक्स भरलेला, माळ्यावर बॅगा. दुसरं कपाट तर अर्ध्या खिडकीवर आलेलं, त्यामुळे भर दुपारी दिवा लावावा लागे, आणि पलंगावर जायचं तर आडवं होऊन. पेडणेकरकाका निवृत्त, शांत माणूस. त्यांचे चार शर्ट दारामागच्या खिळ्यांवर टांगलेले. "या घराच्या मालकीण या साड्या," ते मला म्हणाले. "मी भाडेकरू. आणि भाडेकरूने खिळ्यावरच राहावं." मी हसले. नलूताई वाण द्यायच्या गडबडीत होत्या, त्यांच्या कानावर ते गेलंच नाही.

मग आई पडल्या. नलूताईंच्या आई, ऐंशीच्या पुढच्या, गावी एकट्या राहायच्या. हाड मोडलं नाही, पण चालणं गेल्यासारखं झालं. शेजारची एक बाई सोबतीला येऊन झोपायची, तीही दिवाळीनंतर मुलाकडे जाणार होती. म्हणजे दिवाळीनंतर आईंना कोणीतरी आपल्या घरी न्यायला हवं होतं. थोरला भाऊ रत्नागिरीला, मोठ्या घरात. तो नेईल असं आम्ही धरून चाललो होतो. पण भावाचा फोन आला, की वहिनी ऐकत नाही.

वहिनी न ऐकण्याचं कारण साडीच होती. आई दर गणपतीला लेकीला माहेरची साडी पाठवत. स्वतः दुकानात जाणं होईना तेव्हापासून ती वहिनीच आणायची. नलूताईंना ते रंग भडक वाटत, म्हणून पुढे पुढे डबे न उघडताच पलंगाखालच्या बॉक्समध्ये जायचे. त्याच बॉक्समध्ये मानपानाच्या, देण्याघेण्याच्या साड्यांचेही डबे. भाचीच्या लग्नात घाईत त्यांनी वहिनीला द्यायला एक डबा उचलला. वहिनीने तो मांडवात, चार बायकांसमोर उघडला. मोतिया रंग, गुलबक्षी काठ आणि पदराला वहिनीने स्वतः बसून बांधलेले गोंडे. ती तिथे एक शब्द बोलली नाही. आता मात्र तिने नवऱ्याकरवी निरोप धाडला होता, "सासूबाईंनी दिलेलं त्यांना नको असतं, आणि सासूबाई मात्र आम्हीच ठेवायच्या का?"

"तिचं काय चुकलं?" नलूताई मला म्हणाल्या. "माझंच चुकलं. मी झाकण उघडून पाहायला हवं होतं." आणि त्याच दमात, "आई माझ्याकडे येईल. खाट खिडकीपाशी टाकते. तिला कमी दिसतं, उजेड हवा. दुसरं कपाट काढते, झालं."

झालं म्हणजे काहीच झालं नाही. पहिल्या रविवारी मदतीला म्हणून मी गेले. सगळं कपाट पलंगावर ओतलं. एकेक साडी उचलायची, तिचं नाव सांगायचं, तिची गोष्ट सांगायची आणि "हिचं नंतर बघू" म्हणून बाजूला ठेवायची. संध्याकाळी सगळ्या साड्या परत कपाटात होत्या, फक्त घड्या नव्या होत्या. नलूताई घामाघूम होऊन म्हणाल्या, "बघ, किती आवरलं." दुसऱ्या रविवारी रंगांप्रमाणे लावल्या. दोन रविवार माझे कपडे धुवायचे राहिले आणि कपाट जिथल्या तिथे. ऑफिसात त्यांच्या येरझारा आणखी वाढल्या होत्या. एक काम हातात घ्यायच्या, अर्धं सोडायच्या. वाशीच्या फेऱ्या थांबल्या होत्या, पण सहा वाजले की त्या दारात उभ्या राहून पर्सची चेन उघड-बंद करत राहायच्या.

आईंचा फोन यायचा. एकदा स्पीकर चालू होता म्हणून मीही ऐकलं. "गो नलू, कपाट रवांदे थयच. माका खंयय चलता."

"तुला नाही चालत आई, तुला उजेड लागतो," नलूताई म्हणाल्या, आणि फोन ठेवून नॅप्थॅलिनच्या गोळ्या मोजायला लागल्या.

तिसऱ्या रविवारी पेडणेकरकाका, आमचं चाललेलं दोन तास बघून खाली गेले. इमारतीच्या फाटकाशी साताऱ्याकडचे एक इस्त्रीवाले असतात, जगताप. काका त्यांना घेऊनच वर आले. जगताप बिचारे दारात चपला काढून उभे.

"यांना सांगा," काका म्हणाले, "आमच्याकडून किती साड्या येतात इस्त्रीला."

"अकरा," जगताप म्हणाले.

"एका वेळेला नाही हो," नलूताई म्हणाल्या. "एकूण वेगवेगळ्या किती, ते विचारतायत."

"तेच सांगतोय की म्याडम. त्याच अकरा फिरून फिरून येत्यात. ती निळी, दोन करड्या, ती पानाफुलाची..." त्यांनी अकराच्या अकरा बोटांवर म्हणून दाखवल्या. मग पलंगावरच्या ढिगाकडे पाहिलं. "ह्या कुणाच्या हायत? ह्या मी कधी बघितल्या न्हाईत."

कोणी हसलं नाही. जगताप अवघडले आणि कोळसे पेटलेत म्हणून निघून गेले. मी निघाले तेव्हा नलूताई मला म्हणाल्या, "अकराने भागत होतं म्हणजे." मला वाटलं, आता कपाट निघालं.

चौथ्या रविवारी मी गेले तर त्या साड्या कापडी पिशव्यांमध्ये घालून, पिशव्यांवर चिठ्ठ्या लावून, त्याच कपाटात रचत होत्या. माझा स्वभाव तापट आहे हे मला माहीत आहे, आणि दिवाळी दहा दिवसांवर आली होती. मी म्हटलं, "नलूताई, एक सांगा. तुम्हाला आई इथे यायला हव्या आहेत का नकोत? नको असतील तर तसं भावाला कळवा. त्या म्हातारीला आणि मला, दोघींना कशाला ताटकळत ठेवता?"

बोलले आणि जीभ चावली. हेडक्लार्क होत्या त्या माझ्या. काका हॉलमधून उठून आत आले आणि तसेच परत गेले.

नलूताई कपाटाच्या दाराला धरून उभ्या होत्या. "हवीय गं," त्या म्हणाल्या. "पण हे कपाट हललं की आई येणार. आणि आई आता आली की परत जायची नाही. इथूनच जाईल, या खिडकीपाशी. कपाट असेपर्यंत ती तिकडे आपली चालतीबोलती आहे असं मला वाटतं. फोन केला की चुलीपुढूनच बोलतेय असं वाटतं." मग एकदम चिडून, "तुला काय कळणार? धर ती पिशवी नीट."

मला खरंच कळलं नव्हतं. मी पिशवी धरली. त्या दिवशी मी घरी येऊन रडले, आणि ते माझ्या बोलण्यामुळे होतं की त्यांच्या, तेही मला ठरवता आलं नाही.

त्या आठवड्यात गुरुवारी नलूताईंनी रजा टाकली. त्यांनी रजा टाकणं म्हणजे कॉलेजची घंटा न वाजण्यासारखं. शुक्रवारी सकाळी सखूबाई मोरपंखी साडी नेसून झाडू मारत होत्या तेव्हा उलगडा झाला. नलूताईंनी फोन करकरून बायका बोलावल्या होत्या. ज्या ज्या बाईने कधी ना कधी साडी मागून नेली होती, तिला तीच साडी कायमची दिली. कोणी काय नेलं होतं ते त्यांना तोंडपाठ. "मी नको नको म्हनलं," सखूबाई सांगत होत्या. "तर बोलल्या, तुमच्या अंगावर दोनदा गेली हाय, माझ्या अंगावर एकदा बी नाय. तुमचीच ती." उरलेल्या साड्या सोसायटीतल्या कामवाल्या बायकांनी नेल्या. रिकामं कपाट चौघांनी मिळून जिन्यावरून उतरवलं.

आईंच्या गणपतीच्या साड्या मात्र त्यांनी दिल्या नाहीत. पुढचे पंधरा दिवस त्या रोज त्यातली एक नेसून ऑफिसला आल्या. पोपटीला राणी काठ, शेंदरीला निळा, ब्लाउज जो हाताला येईल तो. आल्या की माझ्यासमोर उभ्या राहायच्या. "भडक आहे ना?" मी म्हणायचे, हो. "असू दे," म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. रोज एक फोटो काढून वहिनीला पाठवत. वहिनीचं उत्तर सहाव्या की सातव्या दिवशी आलं. पदर उलटा घेतलाय, एवढंच. नलूताईंनी ते मला तीनदा वाचून दाखवलं.

आई आल्या. एक पिशवी, त्यात चार लुगडी. मी भेटायला गेले तेव्हा खिडकीपाशी खाटेवर पडून होत्या, तोंडावर ऊन घेत. खोली एवढी मोठी असेल असं मला वाटलंच नव्हतं. मी पाया पडले तर त्यांनी माझा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. त्या पुढच्या मे महिन्यापर्यंत होत्या. नंतर नलूताईंनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली, आणि आता काका आणि त्या कुडाळच्या घरात राहतात. फोन करतात, फिरत फिरतच बोलत असणार, कारण आवाज जवळ येतो आणि लांब जातो.

पण नलूताई म्हटलं की मला दिसते ती मार्चमधली एक सकाळ. आई तोवर पूर्ण अंथरुणाला खिळल्या होत्या. साडेसात वाजता माझ्या नेरूळच्या घराची बेल वाजली. दारात नलूताई, केस नीट न बांधलेले. इतक्या वर्षांत त्या माझ्याकडे काही मागायला आल्या नव्हत्या. आत यायलाही तयार होईनात.

"शुभा, तुझ्याकडे एखादी जुनी सुती साडी आहे का? खूप वापरलेली, धुऊन धुऊन विरलेली?" त्या भराभर बोलत होत्या. "आईच्या पाठीला जखमा झाल्यात. विकतचं काही घातलं तरी टोचतं म्हणते. डॉक्टर म्हणाले मऊ कापड घाला. तिची चार लुगडी फाडून संपली. माझ्या त्या अकरा सगळ्या सिंथेटिक. बाकीच्या सगळ्यांच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या गं मी. घरात एवढ्या साड्या होत्या आणि एक मऊ झालेली नाही."

मी आत गेले. घरात नेसायची माझी एक साडी होती, मूळचा रंग कुठला हे मलाही सांगता आलं नसतं, दोन ठिकाणी रफू केलेली. दुसऱ्या कोणाला दाखवायची मला लाज वाटली असती. ती आणून दिली. नलूताईंनी घडी मोडली, गालाला लावली आणि डोळे मिटून तशाच उभ्या राहिल्या.

"आणखी आहे?" त्यांनी विचारलं.

मी माझ्या अंगावरची बदलून तीही दिली. दोन्ही काखेत घट्ट धरून त्या जिना उतरल्या आणि खाली उभ्या असलेल्या रिक्षाकडे अक्षरशः पळत गेल्या.